पेशीची ओळख पुढच्या पिढीत कशी उतरते?

यकृताची पेशी विभागली की यकृताच्याच दोन पेशी तयार होतात, मेंदूच्या किंवा त्वचेच्या होत नाहीत, आणि तरीही या सर्व पेशींमधील डीएनए जवळजवळ एकसारखाच असतो. कोणती जनुके कार्यरत राहावीत व कोणती बंद, हे ठरवण्यात डीएनएवरील आणि तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणांचा मोठा वाटा असतो. या खुणांनाच अधिजनुकीय माहिती म्हणतात. विभाजनापूर्वी डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा मात्र केवळ अक्षरे उतरवते. मग खुणांचे काय होते?

त्यांपैकी एका खुणेचे उत्तर १९७५ मध्ये रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी, तसेच स्वतंत्रपणे आर्थर रिग्ज यांनी तर्काने मांडले. सस्तन प्राण्यांत मिथिल हा छोटा रासायनिक गट प्रामुख्याने अशा सायटोसिन या अक्षराला जोडलेला असतो, ज्याच्या लगेच पुढे ग्वानिन हे अक्षर येते. हीच जोडी समोरच्या धाग्यावर उलट दिशेने येत असल्याने खूण दोन्ही धाग्यांवर असते. प्रत निघाल्यावर ती फक्त जुन्या धाग्यावर उरते. यूएचआरएफ१ हे प्रथिन ही अर्धवट जागा हेरते, खूण असलेले सायटोसिन साखळीतून बाहेर वळवून आपल्या खोबणीत धरते, आणि मग डीएनएमटी१ हे विकर नव्या धाग्यावर मिथिल गट बसवते.

हिस्टोन प्रथिनांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आणि खरे तर अधिक विलक्षण आहे. आठ हिस्टोनांभोवती डीएनएच्या सुमारे १४७ अक्षरजोड्या गुंडाळलेल्या असतात; प्रत काढताना ही गुंडाळी सुटते आणि खुणा असलेले जुने हिस्टोन दोन्ही नव्या रेणूंवर, आपल्या मूळ जागेच्या आसपासच, पुन्हा बसवले जातात. ही वाटणी समसमान व्हावी यासाठी एमसीएम२सारखी प्रथिने झटतात, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. उरलेल्या जागा कोरे हिस्टोन भरतात. जनुके बंद ठेवणाऱ्या एका खुणेच्या बाबतीत पीआरसी२ हा प्रथिनसमूह जुनी खूण ओळखतो, त्यामुळे त्याची क्रियाशीलता वाढते आणि तो शेजारच्या कोऱ्या हिस्टोनांवर तीच खूण उमटवतो. हे काम कित्येक तास चालते. येथे अक्षर न् अक्षर उतरत नाही, परिसराचे एकंदर स्वरूप तेवढे टिकते.

मिथिल खुणांच्या पुनर्लेखनातच औषधालाही वाव मिळतो. अस्थिमज्जेच्या काही विकारांत दिले जाणारे अ‍ॅझासायटिडिन प्रत निघताना सायटोसिनच्या जागी शिरते, डीएनएमटी१ त्याला चिकटून अडकते आणि मिथिलच्या खुणा दर विभाजनागणिक विरळ होत जातात. म्हणूनच हा परिणाम विभागत असलेल्या पेशींवरच होतो.