पोटातली कळ, वाढलेली साखर आणि लयकारिका

धानाच्या बांधीत राबणारा, अंगाने किडकिडीत माणूस. रक्तातली साखर वाढलेली, आणि बेंबीच्या वर उठणारी कळ थेट पाठीत जाते. भंडारा-साकोलीकडे काय किंवा इतरत्र काय, अशी कळ ॲसिडिटी समजून गोळीवर निभावली जाते. पण दोन्ही तक्रारींचे मूळ स्वादुपिंडात असू शकते.

स्वादुपिंडातला हा बिघाड समजून घ्यायचा, तर आधी लयकारिका पाहाव्या लागतात. पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या आम्लयुक्त पिशव्या म्हणजे लयकारिका, अर्थात लायसोसोम. त्यांचा शोधही इन्सुलिनच्या वाटेवरच लागला. बेल्जियमचे ख्रिस्तियां द दूव्ह इन्सुलिनचा यकृतावरील परिणाम अभ्यासत होते. ताज्या यकृताच्या अर्कात एक विकर फारच कमी भरले. तोच अर्क काही दिवस थंड ठेवून तपासला, तर भरपूर निघाले. विकर पडद्याआड कोंडलेले होते आणि पडदा फाटल्यावर ते बाहेर आले. १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव रूढ झाले. १९७४ मध्ये द दूव्ह नोबेलचे मानकरी ठरले.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. जुने झालेले इन्सुलिनचे कण आणि निकामी भाग लयकारिकांत मोडले जातात. २००८ मध्ये जपानी आणि कोरियन संशोधकांनी उंदरांच्या बीटा पेशींतली ही सफाई जनुक काढून थांबवली. तेव्हा इन्सुलिन घटले, साखर चढली.

शेजारच्या पेशी पाचक विकरे बनवतात. त्यांतले ट्रिप्सिन सुप्त रूपात तयार होते आणि एरवी लहान आतड्यात पोचल्यावरच जागे होते. लयकारिकेतले कॅथेप्सिन-बी पेशीतच त्याच्यात मिसळले, तर ते तिथेच जागे होते आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. दारूमुळे लयकारिकांचा पडदा कमकुवत होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. वारंवार सूज आली की व्रण साचतात, खडे होतात, बीटा पेशीही नष्ट होतात. मग जडतो तो मधुमेह.

भारतात दारू न पिणाऱ्या तरुणांनाही असे खडे होतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील संशोधकांना २००६ मध्ये या आजाराचा कॅथेप्सिन-बीच्या जनुकातील बदलांशी संबंध आढळला.

म्हणून सडपातळ मधुमेहीला वारंवार पोटदुखी, तेलकट शौच किंवा वजनात घट जाणवत असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि स्वादुपिंडाच्या तपासणीबद्दल विचारावे. अशा रुग्णांना अनेकदा इन्सुलिन आणि जेवणासोबत पाचक विकरांच्या कॅप्सूल लागतात. दारू-तंबाखू सोडणे हाही उपचारच आहे. निदान लवकर झाले, तर उरलेल्या बीटा पेशी जपायला वेळ मिळतो.