दरबार, जनानखाना आणि युरोपीय कुंचला

प्राच्यचित्रण : उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान व पश्चिम आशिया येथील लोकजीवन रंगविणारी, एकोणिसाव्या शतकात विशेषतः फ्रान्समध्ये बहरलेली चित्रपरंपरा.

प्रत्यक्ष आणि कल्पित : मोरोक्कोच्या सुलतानाकडे निघालेल्या फ्रेंच वकिलातीसमवेत १८३२ मध्ये गेलेल्या फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाने टिपणवह्या भरून आणल्या. ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ (१८३४) हे चित्र त्याच प्रवासाचे फलित. ‘ओदालिस्क’ (जनानखान्यातील दासी, १८१४) रंगविणाऱ्या अँग्रने मात्र पूर्वेकडे कधी पाऊलही टाकले नाही.

पुणे दरबार : या परंपरेच्या बहराआधीच युरोपीय कुंचला भारतातील दरबारांतही पोहोचला होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि पेशवे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यास येऊन त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची चित्रे काढली. इंग्रज व पेशवे यांच्यातील टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९० च्या तहाचा, शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालातील दरबार दाखविणारे भव्य चित्र, वेल्स १७९५ मध्ये निवर्तल्यामुळे, त्याच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये सिद्ध केले. पगड्या, अंगरखे व बैठकीचा शिरस्ता यांची साक्ष म्हणून ते अत्यंत मोलाचे असले, तरी प्रत्यक्ष तहसमयी दोघांपैकी एकही चित्रकार दरबारी हजर नव्हता.