तीन तासांची घंटा झाल्यावर

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा राज्यशास्त्राचा पेपर होता. मी सांगत होते, बारावीतली लेखनिक मुलगी लिहीत होती. ‘सार्वभौमत्व’ आलं की तिचं पेन अडायचं. मग मी एकेक अक्षर फोडून सांगायची. तिचा दोष नाही. आपला लेखनिक आपण आणला, तर तो परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता तरी कमी शिकलेला हवा, असाच तेव्हा नियम होता. शेवटी तिनं सगळं वाचून दाखवायचं, मी चुका सांगायच्या. आम्हा अंधांचा वेळ जातो तो इथे.

तीन तासांची घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका ओढली.

“सर, मला अजून एक तास आहे.”

“लेखनिक दिलाय ना? आणखी कसली सवलत?”

तेव्हा लागू असलेल्या केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळायला हवी होती. त्यांची छापील प्रत माझ्या पिशवीत होती. मला ती वाचता येत नाही, म्हणून नेमक्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. ते पान मी पुढे केलं. फोनाफोनी झाली, उत्तरपत्रिका परत आली. त्यात गेलेली पंचवीस मिनिटं मात्र आली नाहीत.

‘सवलत’ हा शब्द मला टोचतो. दिव्यांगांसाठीच्या २०१६च्या कायद्याच्या नावातच ‘हक्क’ आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा आणि कमाल वयात ५ वर्षांची सूट त्यानंच दिली. लेखनिकासाठी तर ४० टक्क्यांचीही अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला होता.

त्याच वर्षी ‘नीट’मधलं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. लेखनदोष असलेल्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका जादा तास न देताच काढून घेतली होती. झालेल्या अन्यायावर उपाय शोधा, असं न्यायालयानं परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला बजावलं. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. ते ऐकून मला माझी पंचवीस मिनिटं आठवली. हॉलमध्ये गेलेला वेळ न्यायालयालाही परत देता येत नाही.

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सांगते: लेखनिकाचा आणि जादा वेळेचा अर्ज महिनाभर आधी द्या. शिक्का मारलेली पोच घ्या. पेपरला जाताना ती सोबत ठेवा, कोपरा दुमडून.