डावे वळण आणि मागचा हॉर्न

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथे डावीकडे वळायचे तर समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते. पुण्यात वर्षानुवर्षे गाडी चालवून तिकडे गेलेला माणूसही या वळणापुरता शिकाऊच. तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2005 ते 2007 या काळातील अपघात तपासले, तेव्हा सुमारे 22 टक्के अपघातांची सुरुवात चौकातल्या डाव्या वळणात झालेली आढळली; उजव्या वळणात जेमतेम 1 टक्का. याचे कारण स्टिअरिंगचे कौशल्य नव्हे, अंदाज. समोरची गाडी किती वेगाने येते आहे हे समोरून पाहून नीट कळत नाही, आणि काचेच्या कडेच्या खांबाआड पादचारी सहज दडतो. बाणाविना नुसता हिरवा दिवा वळायची मुभा देतो, पण पहिला हक्क समोरच्याचाच.

‘थांबून राहिले तर मागचे हॉर्न मारतात’, हा आक्षेप खरा आहे. पण हॉर्नने रस्ता मोकळा होत नाही. थांबताना चाके सरळ ठेवावीत. वळवून ठेवली आणि मागून धडक बसली, तर गाडी थेट समोरच्या वाहनांत ढकलली जाते. जमत नसेल तर पुढे जाऊन तीन उजवी वळणे घ्यावीत. यात वेळ जातो म्हणणाऱ्यांनी यूपीएसकडे पाहावे: ही कुरिअर कंपनी मार्ग आखतानाच डावी वळणे शक्यतो टाळते, आणि तिला वेळेची किंमत नवशिक्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक आहे.