यकृतातील निरुपद्रवी गाठी आणि उष्णतेचा उपचार

सोनोग्राफीच्या अहवालात यकृतातील गाठीचा उल्लेख आला की तो कर्करोगच असणार, असे अनेक जण गृहीत धरतात; वस्तुतः अशा योगायोगाने सापडणाऱ्या निरुपद्रवी गाठींत सर्वाधिक आढळतो तो हिमँजिओमा, म्हणजे रक्ताने भरलेल्या वाहिन्यांचा पुंजका, आणि त्याचे कर्करोगात रूपांतर होत नाही. तो फुटेल या धास्तीने उपचाराची घाई केली जाते, पण तो आपोआप फुटणे अत्यंत दुर्मीळ असून, त्रास नसल्यास त्याला उपचारच लागत नाही. पोटदुखी असली तरी पित्ताशयातील खडे, जठराचे विकार अशी अन्य कारणे आधी तपासावी लागतात.

उष्णतेचा उपचार म्हणजे गाठ जाळणे, ही कल्पनाही ढोबळच आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीत सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत त्वचेतून गाठीत सुई नेतात. तिच्यातील उच्च वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाने ऊतींमधील आयन वेगाने हालतात, घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला प्रथिने गोठून पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. तापमान १०० अंशांपलीकडे गेल्यास सुईभोवतीची ऊती कोळपून प्रवाहच अडतो, त्यामुळे अधिक उष्णता म्हणजे अधिक गुण, हे गणित येथे चुकते. मृत गाठही लगेच नाहीशी होत नाही; ती कित्येक महिने स्कॅनवर दिसत हळूहळू आक्रसते.

शस्त्रक्रियेची मोठी चीर नाही म्हणून धोका नाही, हा समज त्याहून घातक. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्तनलिकेला किंवा लगतच्या आतड्याला इजा संभवते; शिवाय मोठ्या हिमँजिओमात उष्णतेने तांबड्या पेशी फुटल्यास हिमोग्लोबिन लघवीत उतरते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

ॲडिनोमा, म्हणजे यकृतपेशींचीच गाठ, मात्र निरुपद्रवी गणली जाऊनही वेगळी वागणूक मागते, कारण तिच्यात रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित कर्करोगही उद्भवतो. युरोपीय यकृत संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांमधील ॲडिनोमा आकार न पाहता काढावा. स्त्रियांनी प्रथम गर्भनिरोधक गोळ्या थांबवून वजन आटोक्यात आणावे आणि सहा महिन्यांनंतरही गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असल्यास ती काढण्याचा विचार करावा. उष्णतेचा पर्याय येथे निवडक रुग्णांपुरताच उरतो, कारण काढलेली गाठ संपूर्ण तपासता येते, जागीच मारलेली येत नाही. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया या तिसऱ्या प्रकारात, निदान पक्के असेल तर, गोळ्या थांबवण्याचीही गरज नसते.