मंगळावर बर्फ पडतो!

दोस्तांनो, मंगळ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? तांबडी माती, धोंडे आणि धुळीची वादळं, हो ना? पण त्याच मंगळावर बर्फही पडतो बरं का! तो पडताना पाहिला 'फिनिक्स' नावाच्या यानाने.

'नासा'चं हे यान 25 मे 2008 रोजी मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या सपाट प्रदेशात उतरलं. त्याला चाकं नव्हती. एकाच जागी उभं राहायचं, यांत्रिक हाताने माती उकरायची, फोटो काढायचे आणि तिथली हवा कशी आहे ते पृथ्वीवर कळवायचं.

जूनमध्ये उकरलेल्या चरात पांढरे खडे दिसले, लुडोच्या फाशाएवढे. मीठ तर नसेल? शास्त्रज्ञांनी सरळ वाट पाहिली. चार दिवसांनी त्याच चराचा फोटो आला, तर काही खडे गायब! मीठ असं उडून जात नाही. म्हणजे तो बर्फच! मंगळावर हवेचा दाब आपल्या इथल्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्यात थंडी कडाक्याची. म्हणून तिथे बर्फाचं पाणी झालंच नाही, थेट वाफ झाली.

इतक्या विरळ हवेत वारा मोजायचा कसा? यानावरच्या उंच दांडीवर डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी एक इवलीशी, अगदी हलकी नळी धाग्यांनी टांगली होती. वारा आला की ती कलायची. कॅमेरा तिचे फोटो काढायचा, आणि ती कुठे नि किती कलली यावरून वाऱ्याची दिशा आणि वेग कळायचा. एवढ्या मोठ्या यानात मला सगळ्यात आवडते ती ही नळीच.

आता बर्फाची गोष्ट. कॅनडाने दिलेलं एक यंत्र लेझरचा झोत सरळ आकाशात सोडायचं. ढगातल्या कणांवर आपटून थोडा प्रकाश परत यायचा. त्याला किती वेळ लागला, यावरून कण किती उंचीवर आहेत ते समजायचं. एकदा या यंत्राला सुमारे चार किलोमीटर उंचीवरच्या ढगांतून बर्फाचे कण खाली येताना दिसले. सप्टेंबरअखेर ही बातमी जगाला कळली. मंगळावर बर्फ पडताना त्याआधी कुणीच पाहिला नव्हता!

पुढे ध्रुवावर ऊन कमी होत गेलं आणि सौर पॅनेलना पुरेशी वीज मिळेना. 2 नोव्हेंबरला फिनिक्सचा शेवटचा संदेश आला. ठरलं होतं तीन महिन्यांचं काम, ते त्याने पाच महिन्यांहून जास्त केलं.

त्या चराचे दोन्ही फोटो 'नासा'ने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. आई-बाबांच्या मदतीने ते मिळवा, शेजारी शेजारी ठेवा आणि कोणते खडे नाहीसे झाले ते शोधून काढा!