सॅमन नाही मिळाला, तर रोहू आहेच!

परदेशात असलेली मुले-मुली हल्ली फोनवर आई-वडिलांना सांगतात, "बाबा, हृदयासाठी सॅमन खात जा." मलकापूर-चिखलीच्या बाजारात सॅमन कुठून मिळणार? मग काहीजण माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्या आणतात. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

सॅमन हा थंड प्रदेशातील तेलकट मासा. १०० ग्रॅम सॅमनमध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. ड जीवनसत्त्व व ब-१२ भरपूर असते. त्याची खरी ख्याती 'ओमेगा-३' या स्निग्धाम्लांमुळे आहे. १९७०च्या दशकात डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील एस्किमो लोकांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हापासून या स्निग्धाम्लांकडे जगाचे लक्ष गेले. मुंबईत 'इंडियन सॅमन' म्हणून मिळतो तो रावस. तो चवदार आहे, पण सॅमनच्या कुळातला नाही.

गोळ्यांबाबत मात्र सबुरी बरी. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण निरोगी माणसात या गोळ्यांमुळे हृदयविकार व पक्षाघाताच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. म्हणजे गोळीपेक्षा ताटातला मासा बरा!

आपल्या जिल्ह्यात नळगंगा, खडकपूर्णा, पेनटाकळी यांसारखी धरणे आहेत. रोहू, कटला, मृगळ हे आपले ओळखीचे मासे. त्यांत ओमेगा-३ सॅमनपेक्षा बरेच कमी असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रथिने जवळपास तेवढीच आणि पचायला हलकी. वाढत्या मुलांना, गरोदर मातांना व वृद्धांना ती उपयोगी पडतात. बर्फातला बांगडा किंवा तारली ताजी मिळाली तर अवश्य घ्यावी. या माशांत ओमेगा-३ चांगले असते.

शाकाहारी वाचकांनी नाराज होऊ नये. जवसाची चटणी आपल्या विदर्भाची जुनी सोबतीण. जवसातही ओमेगा-३ असते, पण ते वेगळ्या प्रकारचे. शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकते. तरीही रोज एक-दोन चमचे कुटलेले जवस आहारात असावे.

मासा घेताना कल्ले लाल, डोळे चमकदार व खवले घट्ट आहेत का ते पाहावे. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर तो मासा परत करावा. आठवड्यातून दोनदा मासा पुरेसा आहे. कढईभर तेलात तळण्याऐवजी रस्सा करावा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजावा. गोड्या पाण्यातला मासा पूर्ण शिजवूनच खावा. लहान मुलांना काटे काढून द्यावेत.

एक इशारा महत्त्वाचा. खारपाणपट्ट्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत मूत्रपिंडाचे रुग्ण अनेक आहेत. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे त्यांनी मासा किती खावा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. प्रथिने त्यांना मोजूनच घ्यावी लागतात. सुकट, सुके बोंबील यांत मीठ फार असते. मूत्रपिंडाच्या व रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळलेलेच बरे.

तेव्हा सॅमनची हळहळ नको. बाजाराच्या दिवशी ताजा रोहू आणा, घरी जवस कुटा, आणि गोळ्यांचे पैसे भाजी-फळांवर खर्च करा.